सोलापूरच्या इतिहासातल्या फारशा न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते, शेंगाचटणी आणि कडक भाकरी आठवते, फार तर सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ. पण याच जिल्ह्यातल्या एका गावात दिल्लीचा बादशहा चार वर्षांहून जास्त काळ तळ देऊन बसला होता. इथला किल्ला दोनदा हुंड्यात घातला गेला. आणि इथल्या एका वस्तीत माणसं जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदवली जात होती. पाहुणे विचारतात, शाळेतली मुलं विचारतात, पुष्कळदा इथेच वाढलेले सोलापूरकरही विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. आख्यायिका आहे तिथे आख्यायिका असंच म्हटलं आहे. आख्यायिकेलाही मोल असतं, फक्त तिला पुराव्याच्या पाटावर बसवू नये.

१९३० साली सोलापुरात खरंच तीन-चार दिवस इंग्रजांचं राज्य नव्हतं का?

हो, नव्हतं. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरण्यांचे कामगार बाहेर पडले, हरताळ झाला, मोर्चे निघाले. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. पोलिसांनी काही जणांना पकडलं, त्यांना सोडा म्हणून जमाव अडून बसला, दगडफेक झाली आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. या लढ्यातला सोलापूरचा पहिला हुतात्मा तो. त्यानंतर जमावाचा तोल गेला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले, कोर्टाच्या इमारतीला आग लागली.

पोलिसांना शहरातून मागे घेण्यात आलं. ९, १० आणि ११ मे या दिवसांत शहरात सरकार असं उरलंच नाही. रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. १२ मे रोजी फौज आणून लष्करी कायदा पुकारला गेला. या १२ तारखेमुळे कोणी तीन दिवस म्हणतं, कोणी चार. मला मात्र आकड्यापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते : सरकार पळालेल्या त्या दिवसांत हे गिरणगाव लुटालुटीत बुडालं नाही. ज्या कामगारांना सरकारी कागदांत दंगलखोर म्हटलं गेलं, त्यांच्याच वस्त्यांमधून व्यवस्था राखणारे स्वयंसेवक उभे राहिले होते.

पण शिंदीची झाडंच का?

शिंदीपासून ताडीसारखी दारू निघते आणि त्यावरचा अबकारी कर थेट सरकारच्या तिजोरीत जात होता. मीठ बनवायला सोलापूरजवळ समुद्र कुठला? तेव्हा सरकारी उत्पन्नावर घाव घालायचा तर तो शिंदीच्या बुंध्यावर. दारूबंदी आणि कायदेभंग अशी दोन्ही कामं एका कुऱ्हाडीने होत होती. महाराष्ट्रात इतरत्र जंगल सत्याग्रह झाले त्यामागेही हाच विचार होता.

मल्लप्पा धनशेट्टींनी कलेक्टरचा जीव वाचवला होता, तरी त्यांना फाशी झाली, हे खरं का?

सोलापुरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या अशीच सांगितली जाते. ८ मे रोजी कलेक्टर नाइट जमावाच्या तावडीत सापडण्याच्या बेतात होता, तेव्हा धनशेट्टी मध्ये पडले आणि त्यांनी लोकांना आवरलं. पुढे पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात ज्या चौघांना फाशीची शिक्षा झाली, त्यांत धनशेट्टी होते.

चौघांची नावं सोलापूरच्या प्रत्येक मुलाला पाठ असावीत : मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ भगवान शिंदे आणि श्रीकिसन लक्ष्मीनारायण सारडा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुर्बान हुसेन तर जेमतेम विशीचे. गिरणी कामगारांत वावरणारे आणि ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवणारे. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी दिलं.

त्या सकाळी गांधीजी त्याच येरवडा तुरुंगात होते, याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. त्यांच्या अटकेमुळे जे शहर पेटलं, त्या शहराचे चार जण त्यांच्याच तुरुंगात फासावर गेले. गांधीजींची सुटका झाली २६ जानेवारीला, म्हणजे अवघ्या १४ दिवसांनी. पुढे मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला. तारखांचा हा क्रम डोळ्यांपुढे ठेवून सोलापुरातल्या या चौघांच्या चार पुतळ्यांपाशी उभं राहा, मग तिथल्या नावांचं वजन कळतं.

लष्करी कायद्यात डोक्यावरच्या टोपीलाही बंदी होती म्हणतात?

टोपीवरून मार खाल्लेली माणसं या शहरात होती. १२ मे ते ३० जून १९३० या काळात सोलापुरात गांधी टोपी घालून रस्त्यावर दिसणं म्हणजे शिपायाला आमंत्रणच होतं. टोप्या उतरवल्या गेल्या, तिरंगा बाळगणं हा गुन्हा ठरला. खादीच्या त्या साध्या टोपीचं वजन तोळाभरही नसेल, पण ती उतरवायला संगिनी लागल्या.

नगरपालिकेवर तिरंगा सगळ्यांत आधी सोलापुरात लागला, हे बरोबर आहे का?

बरोबर. ६ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे दांडीला गांधीजींनी मीठ उचललं त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. ध्वज फडकवला अण्णासाहेब भोपटकरांनी. देशात नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावण्याचा पहिला मान सोलापूरला दिला जातो. आजचं महापालिकेचं इंद्रभुवन हा मुळात अप्पासाहेब वारदांचा वाडा.

‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव कुठून आलं?

रिक्षावाल्याला ‘सेटलमेंटला चला’ म्हणताना फार थोड्यांच्या मनात येतं की हा तुरुंगाचा पत्ता आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू केला. पारधी, कैकाडी, भामटे, टकारी, कंजारभाट अशा भटक्या जमाती या कायद्याने सरसकट गुन्हेगार ठरल्या. चोरी करताना पकडलं म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मला म्हणून गुन्हेगार. अशा लोकांना एका जागी डांबण्यासाठी तारेचं कुंपण घालून वसाहती उभारल्या गेल्या, आणि सोलापूरची वसाहत मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी होती. दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. बाहेर जायचं तर पास घ्यायचा. कुंपणाच्या आत जन्मलेलं मूलही नोंदीत यायचं.

सोलापूरच का, तर इथे गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. पास घेऊन माणसं पाळीला जायची आणि पाळी सुटली की कुंपणात परत. ‘सुधारणा’ या नावाखाली स्वस्त आणि पळून न जाऊ शकणारे मजूर मिळत होते. काही काळ या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांकडे होता. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाना चालवला, हेही नोंदवायला हवं. कुंपण मात्र होतंच.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण देशभरातून हा कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून या जमातींचे लोक ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. आपण १५ ऑगस्टला ध्वजवंदन करून घरी जातो आणि आपल्याच शहरातल्या काही घरांत स्वातंत्र्याची वेगळी तारीख सांभाळली जाते, हे शाळेत शिकवलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

भुईकोट किल्ला हुंड्यात दिला होता ही दंतकथा आहे की इतिहास?

इतिहास आहे, आणि एकदा नव्हे, दोनदा. तेही उलटसुलट दिशांनी.

बहमनी राज्य फुटल्यावर सोलापूर विजापूरच्या आदिलशाहीच्या आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या बरोबर मध्ये सापडलं. दोघांनाही ते हवं होतं. इस्माईल आदिलशहाने आपली बहीण मरियम हिचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी लावलं, साधारण १५२३-२४ च्या सुमारास, आणि तेही सोलापुरातच. नवरीबरोबर सोलापूरचा किल्ला आणि त्याखालचे साडेपाच परगणे द्यायचं ठरलं होतं. लग्न झालं, वऱ्हाड परतलं, पण किल्ला काही दिला नाही. बुऱ्हाणने मागणी केली, मग फौज आणली. हुंड्यावरून सासर-माहेर भांडतं हे आपल्याकडे नवं नाही, पण इथे ते भांडण तोफांनी चाललं आणि पुढची कित्येक वर्षं धुमसत राहिलं. किल्ला या काळात या हातातून त्या हातात गेला.

मग चाळीसेक वर्षांनी उलटी गंगा वाहिली. विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं म्हणून हुसेन निजामशहाने आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला दिला. अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला गेली. या सोयरिकीनंतर लगेच, जानेवारी १५६५ मध्ये, तालीकोटची लढाई झाली आणि विजयनगरचा पाडाव झाला.

हुंड्याबरोबर विजापूरला गेलेली ती मुलगी म्हणजे चांदबीबी. १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेपुढे अहमदनगरचा किल्ला लढवणारी तीच. तिचा आणि सोलापूरचा हा संबंध किल्ल्याच्या दारात उभं राहून सांगितला की लोकांना आधी खोटाच वाटतो.

किल्ल्याच्या तटात देवळाचे दगड दिसतात, ते कशाचे?

जुन्या देवळांचेच. तटाजवळ जाऊन सावकाश पाहिलं तर मध्येच एखादा नक्षीचा पट्टा, खांबाचा तुकडा, कोरीव चिरा आडवा-तिडवा बसवलेला सापडतो. किल्ल्याच्या आत प्राचीन मंदिराचे अवशेषही आहेत. दुपारचं ऊन टाळा. सकाळी तिरपा उजेड असतो तेव्हा कोरीवकाम नीट उठून दिसतं.

औरंगजेबाचा मुक्काम सोलापूर जिल्ह्यात किती काळ होता?

मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचं गाव आहे, त्याला लागून माचणूर. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षांहून जास्त वर्षं बादशहाची मुख्य छावणी इथे होती. त्याने गावाचं नाव इस्लामपुरी केलं. काबूलपासून दक्षिणेपर्यंत पसरलेल्या राज्याचे हुकूम तेव्हा आपल्या भीमेच्या काठावरून सुटत होते. शाही छावणी म्हणजे हत्ती, घोडे, बाजार, कारकून, फौजा आणि जनानखाना असं एक चालतंबोलतं शहरच असायचं. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला मोठा पूर आला आणि या शहराची दैना उडाली.

त्या छावणीत महाराणी येसूबाई आणि शाहू महाराज कैदेत होते. रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते आणि सुटका झाली १७०७ मध्ये, बादशहा वारल्यावर. त्यांच्या वाढत्या वयातली काही वर्षं भीमेच्या या काठावर गेली. पुढे ज्यांच्या नावाने मराठी राज्य अटकेकडे निघालं, ते शाहू इथे शत्रूच्या तंबूत मोठे होत होते. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने मायलेकांना आपुलकीने वागवलं.

माचणूरच्या सिद्धेश्वर मंदिराची आख्यायिका अशी, की बादशहाने देवाला मांसाचा नैवेद्य पाठवला आणि ताटावरचं फडकं काढलं तर आत पांढरी फुलं निघाली. ही लोककथा. तरीही बादशहाच्या किल्ल्याशेजारी देऊळ अजून उभं आहे आणि त्याच्या पायऱ्या भीमेत उतरतात, हे प्रत्यक्ष जाऊन बघता येतं.

बार्शी लाइट रेल्वेचा आणि विमानातल्या पॅराशूटचा काय संबंध?

दोन्हींमागे एकच माणूस होता, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. माझी ही फार आवडती गोष्ट आहे.

मुख्य रेल्वेमार्ग बार्शीला वगळून गेला होता. बार्शी म्हणजे कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण माल बैलगाडीने बार्शी रोड स्टेशनपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, न्यावा लागायचा. कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला होता. त्याने हिशेब मांडला : अडीच फुटी अरुंद रूळ टाकायचा आणि इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात, आणि तरी माल भरपूर वाहता येतो. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला जोडली गेली. वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या या छोट्या गाडीने विठोबाला गेल्या. अरुंद रेल्वे कशी बांधावी याचा नमुना म्हणून बार्शी लाइटचं नाव परदेशातल्या इंजिनिअरांतही गाजलं.

आता पॅराशूट. १९१० मध्ये कॅलथ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून मेला. कॅलथ्रॉपने मनावर घेतलं आणि वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. ते उघडतं हे दाखवायला १९१७ मध्ये ऑर्ड-लीस नावाच्या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी मारली होती. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ही पॅराशूटं वापरली गेली. ब्रिटिश वैमानिकांना मात्र विमानात ती दिली गेली नाहीत, आणि कितीतरी पोरं हकनाक गेली.

याच बार्शी लाइटच्या विस्तारात रेल्वेची कंत्राटं घेऊन एका सोलापूरकर तरुणाने धंद्याला सुरुवात केली. ते वालचंद हिराचंद, जन्म १८८२, सोलापूर. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन त्यामुळेच आहे. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखानाही त्यांनीच काढला. समुद्र नसलेल्या गावचा माणूस जहाजांत शिरला आणि विमानांपर्यंत पोचला.

चीनमध्ये ज्यांचे पुतळे आहेत ते डॉ. कोटणीस सोलापूरचेच का?

होय. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यांतले ते एक. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस राहिले. आघाडीजवळ जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकून तिच्यातून विद्यार्थ्यांना शिकवलं, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही देश गुंफले : इनह्वा. मूल तीन-चार महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय ३२.

तो मुलगाही वैद्यकीचं शिक्षण घेता घेता ऐन तारुण्यात वारला, हे इथे फारसं माहीत नसतं. कोटणीसांची समाधी शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात आहे आणि आजही तिथे फुलं वाहिली जातात. सोलापुरात त्यांच्या घराच्या जागी स्मारक आहे. तिथे गर्दी नसते. मुलांना घेऊन जा.

मराठीतला सर्वांत जुना शिलालेख सोलापूर जिल्ह्यात आहे का?

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल इथे भीमा आणि सीना यांचा संगम आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. त्याच्या शेवटी हा लेख वाचणारा विजयी होवो, अशा अर्थाची मराठी ओळ आहे. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा लेख त्याहून थोडा आधीचा मानतात, तेव्हा ‘पहिला कोणता’ यावर भांडण्यात अर्थ नाही. मराठीच्या अगदी सुरुवातीच्या लेखांत कुडलचा लेख येतो, एवढं पक्कं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर आपल्यासाठी शुभेच्छा कोरून ठेवली आणि ती आपल्यापर्यंत पोचली, याने मी दर वेळी भारावतो. याच ठिकाणी एकाच शिवलिंगावर ३५९ शिवमुखं कोरलेली आहेत, तीही चुकवू नका.

गड्ड्याच्या यात्रेत लग्न काठीशी का लागतं?

सिद्धेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांची वचनं कन्नडात आहेत. कथा अशी की एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. योग्याने आपला योगदंड पुढे केला आणि म्हणाले, याच्याशी कर. म्हणून दर संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत, सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या काठ्या मिरवत येतात, संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर उठतो. आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते उंच, जड नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतात तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकतो. होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते : दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ वगैरे ठेवून, ते काय करतं यावरून वर्षाचं भाकीत सांगतात.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी खरंच सरकारी कोठार लुटवलं?

पंधराव्या शतकातल्या त्या दुष्काळाला दक्षिणेत दामाजीपंतांच्याच नावाने ओळखतात. बहमनी अंमलातल्या या अधिकाऱ्याने उपाशी लोकांसाठी धान्याची कोठारं उघडली. पुढे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन पैसे भरले, हा भक्तिकथेचा भाग. मंगळवेढ्यातच गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून संत चोखामेळा गेले. त्यांची समाधी मात्र पंढरपुरात, नामदेव पायरीसमोर आहे.

दोन दिवसांत यातलं काय बघून होईल?

पहिल्या दिवशी शहर : सकाळी किल्ला आणि सिद्धेश्वर, मग चार पुतळे, इंद्रभुवन, कोटणीस स्मारक. दुसऱ्या दिवशी एक दिशा निवडा. मंगळवेढा आणि माचणूर एका फेरीत होतं, कुडलला वेगळं जावं लागतं. पावसाळ्यात संगमाचं पाणी चढलेलं असतं, तेव्हा गावात चौकशी करूनच घाटावर उतरा. संक्रांतीला आलात तर किल्ला, होम मैदान आणि तळ्याचा सगळा परिसर यात्रेने भरलेला असेल. त्या दिवसांत गाडी लांब लावून चालत या.